दर पावसाळ्यात त्याच भिंतीवर बुरशी: परत येऊ नये म्हणून काय करावं?

निवळी | १४ जुलै २०२४, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. ठाण्यात राहते. सात मजली इमारत, आमचं घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला १८ वर्षं झाली. लेकाच्या खोलीत दर पावसाळ्यात बुरशी येते आणि आता मी अगदी मेटाकुटीला आले आहे.

खोलीच्या दोन भिंती बाहेरच्या. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी, उत्तरेच्या भिंतीला टेकून कपड्यांचं कपाट. बुरशीही दोनच जागी येते: कपाटाच्या मागे, आणि खिडकीखालच्या डाव्या कोपऱ्यात. जून कोरडा जातो. जुलैचा दुसरा आठवडा आला की आधी कुबट वास, मग मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके, आणि गणपती येईपर्यंत तळहाताएवढे डाग.

२०२१ मध्ये घासून, पुसून रंग दिला. २०२२ मध्ये महागातला बुरशीरोधक रंग लावला, दुकानदाराने तीन वर्षं काही होणार नाही म्हणून सांगितलं होतं. २०२३ मध्ये पुट्टी खरवडून आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले आणि वर पुन्हा रंग. सगळे मिळून ३८ हजार गेले. काल कपाट पुढे ओढलं तर मागे तेच. कपाटाच्या प्लायवरसुद्धा पांढरा बुरा.

लेक नऊ वर्षांचा आहे. दर रविवारी तो डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढतो आणि शेजारी तारीख घालतो. त्याला त्यात कुठल्या कुठल्या देशांचे नकाशे दिसतात. मला मात्र त्याचा सकाळचा खोकला ऐकून धस्स होतं.

पुसायचं कसं ते मला माहीत आहे. ती परत का येते, ते कुणी सांगेल का?

चहाबाज | १४ जुलै, रात्री ११:०५

पांढरं व्हिनेगर स्प्रेच्या बाटलीत भरा, मारा, तासाभराने पुसा. आमच्याकडे चालतं. बाकी या हवेत पापड सादळले, मीठ सादळलं, काडेपेटी पेटेना, भिंतीने तरी किती तग धरावा!

सह्यकडा | १५ जुलै, सकाळी ७:२०

बुरशीरोधक रंग फुकट जातो असं सरसकट म्हणवत नाही. आमच्या बाथरूमच्या छताला लावला त्याला चार वर्षं झाली, एक ठिपका नाही. भिंत नीट वाळू न देता लावला असेल तर मात्र पोपडे धरतात. तुमच्या रंगाऱ्याने किती दिवस वाळू दिली होती?

निवळी | १५ जुलै, सकाळी ९:१५

@चहाबाज, व्हिनेगर झालं करून, दहा दिवसांत परत आली.
@सह्यकडा, दोन दिवस. मे महिन्याच्या शेवटी काम काढलं होतं आणि रंगाऱ्याला पुढचं काम होतं.

मोजपट्टी | १५ जुलै, दुपारी १:४०

इमारत दुरुस्तीच्या कामात २२ वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात. तुमच्या घरात, माझ्या घरात, बाहेर रस्त्यावर. ते संपवता येत नाहीत. त्यांना खायला लागतं ते रंगात आणि पुट्टीत आहे, धुळीत आहे, प्लायमध्ये आहे. तेही काढता येत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पाणी. त्यामुळे रंग कुठला, रसायन कुठलं, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न: या भिंतीला पाणी कुठून मिळतंय?

वाटा चारच आहेत. एक, पावसाचं पाणी बाहेरून आत झिरपतं: गिलाव्याला चीर, खिडकीच्या चौकटीची फट, छज्जाचा सांधा. दोन, नळ किंवा ड्रेनेजचा पाइप, वरच्यांचं बाथरूम. तीन, जमिनीतून वर चढणारी ओल, पण तुम्ही चौथ्या मजल्यावर, त्यामुळे ती सोडून द्या. चार, खोलीतल्या हवेतलंच बाष्प गार भिंतीवर बसतं. चौथी वाट लोक विसरतात, आणि हल्ली मी पाहतो त्या घरांत निम्म्या वेळा तीच निघते.

तुमच्या दोन जागा म्हणजे दोन वेगळे रोग असू शकतात. त्यांना एकच औषध देत बसलात म्हणून तीन वर्षं गेली, असा माझा अंदाज.

घरच्या घरी करण्यासारखी तपासणी सांगतो. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल घ्या, वीतभर लांब-रुंद तुकडा. भिंत कोरड्या फडक्याने पुसा. तुकडा चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा. दोन्ही जागी एकेक. ४८ तास हात लावू नका. नंतर बघा: फॉइलच्या खोलीकडच्या अंगावर दव असेल तर पाणी हवेतलं. काढल्यावर भिंतीकडच्या अंगावर ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय.

आणि तीन प्रश्न. एसी आहे का, किती अंशांवर? त्याचा झोत कुठल्या भिंतीवर? त्या खोलीत कपडे वाळत घालता का?

चिरेबंदी | १५ जुलै, दुपारी ४:१०

मोजपट्टी म्हणतात ते लाखातलं. फक्त जमिनीतली ओल सोडून द्या हे आम्हा खालच्यांना लागू नाही, म्हणून आमची गोष्ट सांगतो.

वेंगुर्ल्याचं घर, चिऱ्याचं. चिरा म्हणजे स्पंजच, पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. आजोबांच्या काळी भिंती चुन्याच्या, जमीन सारवलेली, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या पडवीला झावळ्यांच्या झडी बांधायच्या, म्हणजे पावसाची झड भिंतीपर्यंत पोचतच नसे. माजघरात चूल. धुराने डोळे चुरचुरायचे, पण भिंती कोरड्याठाक.

मग बाबांनी हौसेने आतून पुट्टी आणि ऑइल पेंट केला, खाली फरशी घातली, गॅस आला, चूल बंद. झडी बांधायला माणूस मिळेना. दुसऱ्याच पावसाळ्यात गुडघाभर उंचीपर्यंत रंगाला फुगे आले. एक फुगा मी नखाने फोडला तर आतून चमचाभर पाणी ओघळलं. चिऱ्यात पाणी होतंच, त्याची बाहेर पडायची वाट आम्ही बंद केली होती.

२०१९ च्या उन्हाळ्यात सगळा ऑइल पेंट खरवडला. आठ दिवस गडी नुसते खरवडत होते. अख्खा मे महिना भिंती उघड्या ठेवल्या. मग चुना. चुनकळी भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक आणि नीळ, पातळ तीन हात. चुना बुरशीला मानवत नाही, शिवाय भिंतीला श्वास घेता येतो. जोत्याभोवतीची माती उपसून पाणी लांब जाईल असा उतार केला आणि पश्चिमेला पत्र्याची झड बांधली. तेव्हापासून घर कोरडं आहे. दर दोन वर्षांनी दिवाळीआधी एक हात फिरवावा लागतो, तेवढंच. चुना काम करताना डोळ्यांत जाऊ देऊ नका, डोळा भाजतो.

अंगणवेल | १५ जुलै, सायं ६:०२

चुन्याच्या भिंतीला टेकलं की पाठ पांढरी! शाळेचा युनिफॉर्म आठवला :) पण वासही आठवला, नव्या चुन्याचा. दिवाळी आल्यासारखं वाटायचं.

मोजपट्टी | १५ जुलै, सायं ६:३०

@चिरेबंदी, तुमच्या घराला चुना अगदी योग्य. पण फ्लॅटमध्ये वाचून कुणी उद्याच चुना आणू नका. प्लास्टिक पेंट किंवा डिस्टेंपरवर चुना धरत नाही, गळून पडतो. सिमेंटच्या गिलाव्यापर्यंत खरवडायची तयारी असेल तरच.

केमिस्ट्रीबाई | १५ जुलै, रात्री ९:५०

रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, दादरला राहते. दोन गोष्टी पोटतिडकीने सांगायच्या आहेत.

पहिली धोक्याची. ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं आम्ल कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेलं काचा पुसायचं द्रावणही नको, आणि व्हिनेगरसुद्धा ब्लीचबरोबर नको. बंद बाथरूममध्ये "दोन्ही मिळून जोरात काम करेल" म्हणून मिसळणारी माणसं मी पाहिली आहेत. शिवाय ब्लीच टाइलवर ठीक, गिलाव्यावर फसवं. वरचा रंग उडतो, भिंत पांढरी दिसते. क्लोरीन वरच्या थरातच संपतं, पाणी मात्र आत मुरतं, म्हणजे बुरशीला आपणच पाणी पाजलं.

पुसण्यासाठी मी टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, वापरते. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे. आधी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसायचं, मग हे लावायचं आणि धुवायचं नाही, तसंच वाळू द्यायचं. तो भिंतीवर राहतो आणि नव्या बुरशीला अडवतो. पोटात जाणं वाईट, तेव्हा लहान मुलं आणि मांजरं यांच्यापासून लांब. व्हिनेगर कोटा किंवा संगमरवरावर सांडू नका, दगड खातं.

दुसरी गोष्ट घरातल्या पाण्याची. कपडे, अंघोळ, ओली छत्री सगळ्यांना दिसते. गॅसचं कुणाच्या लक्षात येत नाही. स्वयंपाकाचा गॅस जळताना पाणी तयार होतं, एक किलो गॅसमागे साधारण १.६ किलो. म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत घराच्या हवेत २२-२३ लिटर पाणी गेलं, तेही भाताच्या आणि चहाच्या वाफा सोडून. हंडाभर पाणी! उन्हाळ्यात ते खिडकीतून जातं. पावसाळ्यात आपण खिडक्या लावून घेतो. स्वयंपाकघरातला पंखा, बाहेर हवा फेकणारा, रोज स्वयंपाक होईपर्यंत आणि नंतर दहा मिनिटं चालू ठेवा.

चहाबाज | १५ जुलै, रात्री १०:०१

बाई, मी वर्गात असतो तर रसायनशास्त्रात पास झालो असतो. हंडाभर पाणी ऐकून बायकोने आत्ताच पंखा लावला.

स्टेथो | १६ जुलै, सकाळी ८:३०

निवळीताई, तीन वर्षं रंगकामात गेली, त्यात मुलाचा खोकला मागे पडू देऊ नका. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत खोकला, शिट्टीसारखा श्वास, दम्याचा त्रास जास्त दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीवर मार्गदर्शिका काढली, तिचाही भर बुरशी मोजण्यापेक्षा ओल हटवण्यावरच आहे.

लगेच करायचं ते एवढंच: डाग कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू हवेत उडतात. आधी ओलं करा, मग पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, खोलीचं दार लावा, मुलगा बाहेर. भिंत वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत झोपवता आलं तर उत्तम. खोकला रात्री वाढत असेल किंवा छातीत घरघर असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि घरात बुरशी आहे हे त्यांना आवर्जून सांगा.

निवळी | १६ जुलै, सकाळी १०:१२

डॉक्टर, आभारी आहे. कालपासून तो आमच्या खोलीत झोपतो. आजच वेळ घेते.

मोजपट्टीदादा, एसी आहे. उन्हाळ्यापासून २० वर असतो, रात्री लावतो, सकाळी बंद करून खिडकी उघडते, खोली मोकळी व्हावी म्हणून. झोत सरळ कपाटाच्या भिंतीवर. आणि हो, पावसात कपडे वाळत घालायचा स्टँड त्याच खोलीत, पंख्याखाली, कारण ती दिवसभर रिकामी असते. फॉइल आजच लावलं. खिडकीखालच्या कोपऱ्यात चिकटपट्टीच धरेना, शेवटी खिळ्याने ठोकलं.

मोजपट्टी | १६ जुलै, सकाळी ११:००

चिकटपट्टी धरत नाही यातच अर्धं उत्तर आलं. ४८ तास थांबूया.

आजोळ | १६ जुलै, दुपारी ३:२५

थोडं विषयाबाहेर, पण राहवत नाही. आईची पैठणी लोखंडी कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती, गेल्या पावसाळ्यात घडीवर पिवळे ठिपके. आणि आजोबांची पायपेटी, तिच्या भात्याच्या चामड्यावर बुरशी. डांबरगोळ्या भरपूर टाकल्या होत्या. काय चुकलं?

केमिस्ट्रीबाई | १६ जुलै, दुपारी ४:००

डांबरगोळी कसर पळवते, ओल शोषत नाही. प्लास्टिकमध्ये आतलं बाष्प अडकतं. पैठणी जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, दोन महिन्यांनी घडी बदला. ओल शोषायला कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, त्यांत खाली पाणी साठतं ते वेळच्या वेळी ओता, साडीवर सांडलं तर नवं संकट. पेटीला सिलिका जेल ठेवा. आणि पेटी रोज वाजवा, भात्यातून हवा खेळते.

आजोळ | १६ जुलै, दुपारी ४:२०

रोज वाजवा हे ऐकून डोळे भरून आले. आजोबा गेल्यापासून पेटी बंदच आहे. लेकीला बसवते आजपासून.

वऱ्हाडची_पोर | १६ जुलै, रात्री ८:१५

आमच्या नागपूरला बुरशीचा त्रास नाही असं वाटत होतं, पण गेल्या वर्षी जुलैतही कूलर चालू ठेवला. मे महिन्यात तीच गार हवा सुखाची, पण पाऊस पडल्यावर कूलर म्हणजे घरात पाणी शिंपडणं. गादीखालचं प्लायवूड हिरवं झालं. आता पहिला पाऊस झाला की कूलर बंद, नुसता पंखा.

दूरदेशी | १६ जुलै, रात्री ११:३०

सिंगापूरहून. इथे बारा महिने पावसाळाच समजा, हवेतली आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर. निवळीताईंचं "रात्री एसी, सकाळी खिडकी" वाचलं आणि आमचं पहिलं वर्ष आठवलं.

रात्री २० अंशांवर एसी चालतो तेव्हा भिंत पण गार होते, समजा २२. सकाळी खिडकी उघडली की बाहेरची २९ अंशांची, ८५ टक्के दमट हवा आत येते. त्या हवेतलं पाणी २६ अंशांच्या आसपासच्या कुठल्याही गार पृष्ठभागावर दव होऊन बसायला लागतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो ना, तसा भिंतीला घाम. उघडी भिंत तासाभरात गरम होते. कपाटामागची दुपारपर्यंत गारच राहते, तिथे वाराही लागत नाही. म्हणून बुरशी कपाटामागे. आणि अगदी थेंब दिसले नाहीत तरी भिंतीलगतची हवा दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशीला तेवढं पुरतं.

आमच्याकडे तर आमच्या एसीचाही दोष नव्हता. शेजारी एसी १८ वर लावायचे आणि मधली भिंत आमच्या बाजूने ओली व्हायची. समजायला सहा महिने लागले.

आम्ही काय केलं: एसी २५-२६ वर आणि पंखा सोबत. एसी बंद केल्यावर लगेच खिडकी उघडायची नाही, आधी पंख्याने तासभर खोली कोमट होऊ द्यायची. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र, तिकडे चार-पाचशे रुपयांत मिळेल. आकडा ६० च्या खाली ठेवायचा प्रयत्न.

सह्यकडा | १७ जुलै, सकाळी ७:४५

म्हणजे खिडकी उघडणं चूक? आयुष्यभर आई सांगत आली, खोलीला हवा लागू दे.

मोजपट्टी | १७ जुलै, सकाळी ९:३०

आईच्या काळी एसी नव्हता, त्यामुळे आईचं बरोबरच होतं. भिंत बाहेरच्या हवेइतकीच गरम असेल तर खिडकी उघडणं चांगलं, विशेषतः पाऊस उघडून दुपारी ऊन पडतं तेव्हा. चूक होते ती गार भिंतीवर दमट हवा सोडल्यावर. एसी लावायचा तर खिडकी बंद, खिडकी उघडायची तर खोली गार नको.

निवळी | १८ जुलै, रात्री ९:०५

फॉइल काढलं! कपाटामागच्या फॉइलवर खोलीच्या बाजूने बारीक दव, बोट फिरवलं तर रेघ उमटली, आणि भिंतीकडची बाजू कोरडी. खिडकीखालच्या फॉइलचं बरोबर उलटं: वरून कोरडं, मागून इतकं ओलं की खिळ्याला दोन दिवसांत गंज.

दोन रोग, दादा. तुम्ही न बघता सांगितलंत.

मोजपट्टी | १८ जुलै, रात्री ९:४०

छान काम केलंत. आता कपाटाची जागा: दूरदेशी यांनी सांगितलं ते सगळं करा, कपड्यांचा स्टँड बाहेर काढा. एका धुण्यातून दोनेक लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत जातं. स्टँड बाथरूममध्ये, बाहेर हवा फेकणारा पंखा लावून, दार ओढून. तिथे रंगाला हात लावायची गरज नाही.

खिडकीखालचा कोपरा आतून कितीही रंगवलात तरी उपयोग नाही, पाणी बाहेरून येतंय. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येतो, पश्चिमेची भिंत चार महिने झड खाते. आतून वॉटरप्रूफिंग केलंत म्हणजे पाण्याला भिंतीतच कोंडलंत, चिरेबंदींच्या ऑइल पेंटसारखं. बाहेरून बघायला हवं: खिडकीच्या उंबऱ्याचा उतार बाहेर आहे का, खालच्या कडेला पाणी गळून पडायला खाच आहे का, चौकटीची फट, गिलाव्याची चीर, पिंपळाचं रोप. मात्र काम ऑक्टोबरनंतर, भिंत वाळल्यावर. आत्ता तात्पुरतं खिडकीवर बाहेरून पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं छप्पर लावून घ्या.

निवळी | १८ जुलै, रात्री १०:१५

सोसायटीला पत्र दिलं होतं. "तुमच्या घरातली ओल, तुमची जबाबदारी" असं तोंडी उत्तर मिळालं.

गल्लीबोळ | १९ जुलै, सकाळी ८:००

सहा वर्षं आमच्या सोसायटीचा सचिव आहे. तोंडी उत्तर घेऊ नका. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट आहे: बाहेरच्या भिंतींतून येणारी पावसाची गळती, बाहेरचे सामाईक पाइप, गच्ची, हे सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायचं. घरातल्या बाथरूम-संडासाची गळती ज्याची त्याने.

लेखी अर्ज, पोच घ्या. फोटो जोडा. मुलाने पेन्सिलने तारखा घालून ओढलेल्या रेघांचा फोटो नक्की जोडा, त्याहून चांगला पुरावा मी पाहिला नाही. उत्तर आलं नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, पण बहुतेकदा लेखी अर्जावरच काम होतं. आणि कमिटीतल्या माणसांना घरी बोलवा, फॉइल दाखवा. आमच्यापैकी बऱ्याच जणांना खरंच कळत नसतं.

अंगणवेल | १९ जुलै, सकाळी ८:४०

लेकाला शाबासकी सांगा! नकाशे काढता काढता इंजिनिअर झाला.

निवळी | २४ नोव्हेंबर २०२४, दुपारी १२:३०

मंडळी, धागा वर काढतेय. डॉक्टरांनी लेकाला तपासलं, धूळ आणि बुरशीची ॲलर्जी निघाली, औषध चालू आहे आणि सकाळचा खोकला ऑगस्टअखेर जवळजवळ थांबला.

कमिटीचे तिघं घरी आले. फॉइलचा तुकडा आणि गंजलेला खिळा मी जपून ठेवला होता, तो दाखवला. लेकाने स्वतः रेघा समजावून सांगितल्या. अर्ज मंजूर झाला. गेल्या आठवड्यात झुला बांधून माणूस उतरला. खिडकीच्या उंबऱ्याला उतार आतल्या बाजूला होता, बांधल्यापासून! चौकटीखाली करंगळी जाईल एवढी फट, आणि त्या फटीत पिंपळ, वर दोन पानं, आत हातभर मूळ. मूळ काढून चीर कापून भरली, उंबऱ्याला बाहेर उतार आणि खाली खाच केली, चौकटीला सिलिकॉन. खर्च सोसायटीने दिला, कारण त्याच रांगेतल्या पाच खिडक्यांचं तेच निघालं.

आतली भिंत गिलाव्यापर्यंत खरवडून उघडी ठेवली आहे. मोजपट्टीदादांनी फोनवर बजावलंय, फेब्रुवारीपर्यंत रंग नाही.

मोजपट्टी | २४ नोव्हेंबर, दुपारी २:१०

मार्चपर्यंत थांबलात तरी चालेल. आणि रंग लावाल तो साधा, पाण्याचा. प्लास्टिकचा जाड थर नको.

केमिस्ट्रीबाई | २४ नोव्हेंबर, सायं ५:००

लेकाचं वाचून फार बरं वाटलं.

निवळी | २० जुलै २०२५, रात्री ९:२०

आज वर्ष झालं, म्हणून आले. ठाण्यात गेले पाच दिवस संततधार आहे. खिडकीखालचा कोपरा हाताला कोरडा लागतो. कपाटामागे टॉर्च मारून रोज बघते, काही नाही. एसी २६ वर, कपडे बाथरूममध्ये, कपाट चार बोटं पुढे. आर्द्रतेच्या यंत्राचा आकडा दिवसा ६५ ते ७० असतो, एसी चालू असताना ५५ च्या आसपास. ६० च्या खाली दिवसभर काही राहत नाही, तरी वास नाही, ठिपका नाही. लेक रोज सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहितो.

@सह्यकडा, तुमचा बुरशीरोधक रंग मार्चमध्ये एकदाच लावला, कोरड्या भिंतीवर. पटलं.

एकच विचारायचंय. काल लेकाला एसीच्या खाली, ड्रेनचा पाइप भिंतीत शिरतो तिथे, अंगठ्याएवढा ओला डाग दिसला. त्याने लगेच पेन्सिलने रेघ ओढली आणि फॉइल मागितला. आत्ताच चिकटवून झालाय. पाइप तुंबला असेल का?

मोजपट्टी | २० जुलै, रात्री ९:४५

बहुतेक तोच. उद्या पाइपच्या बाहेरच्या तोंडातून पाणी पडतंय का बघा, आणि तोवर एसी बंद ठेवा. फॉइल मंगळवारी रात्री काढा. आधी नाही, लेकालाही सांगा.